उपनगरांतले नवे धर्मग्राम आणि ख्रिस्ती दफनभूमीचा प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद, गंगापूर रोडचा पुढचा भाग, अंबडच्या पलीकडच्या वसाहती असे नाशिक सगळ्या बाजूंनी पसरते आहे. नव्या वसाहतींमधले रस्ते, पाणी, शाळा यांवर आपल्या दैनिकातून नेहमी लिहिले जाते. या वसाहतींत राहायला आलेल्या कॅथलिक कुटुंबांचा एक प्रश्न मात्र त्यांच्या घरांबाहेर सहसा ऐकू येत नाही. रविवारच्या मिस्सेला (सामुदायिक उपासनेला) चर्च लांब पडते, म्हणून आधी एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा आणि मग दर रविवारी मिस्सा होऊ लागते. वर्षा-दोन वर्षांत 'आता आपले चर्च बांधू या' अशी चर्चा निघते. लगेच प्लॉट बघणे सुरू होते, पावतीपुस्तके छापली जातात. धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) पालकीय मंडळांवर, म्हणजे सल्लागार मंडळांवर, आणि आर्थिक समित्यांवर काम करणारे आम्ही काही जण हे पत्र दोन कारणांनी लिहीत आहोत. इमारत आधी आणि नोंदी, मोजणी, हद्द नंतर हा क्रम उलटा आहे आणि त्याचा त्रास पुढच्या पिढीला होतो, हे पहिले कारण. दुसरे कारण दफनभूमीचे. तिची निकड चर्चपेक्षाही मोठी आहे, तिचा निर्णय महापालिकेच्या हातात आहे आणि त्यासाठी वेळ थोडा उरला आहे.

धर्मग्राम म्हणजे चर्चची इमारत, हा समज ख्रिस्ती माणसांतही घट्ट आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यातले ५१५ वे कलम वाचले तर त्यात इमारतीचा शब्दही नाही. धर्मप्रांतात (बिशपांच्या अधिकारक्षेत्रात) कायमस्वरूपी स्थापन झालेला, एका प्रमुख धर्मगुरूकडे सोपवलेला श्रद्धावंतांचा समुदाय म्हणजे धर्मग्राम. त्याची स्थापना, विभाजन किंवा विसर्जन फक्त बिशप करू शकतात, आणि त्याआधी त्यांना धर्मगुरूंच्या परिषदेचे मत ऐकावे लागते. म्हणजे हॉलमध्ये भरणारा धर्मग्राम पूर्ण धर्मग्राम असू शकतो, आणि दगडी चर्च असूनही एखादे ठिकाण दुसऱ्या धर्मग्रामाखालचे केवळ उपकेंद्र असू शकते.

नाशिकच्या बाबतीत थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण इथल्या अडचणी त्यातूनच आल्या आहेत. नाशिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. थॉमस भालेराव हे येशूसंघाचे (जेझुइट) धर्मगुरू इथले पहिले बिशप. नाशिकबरोबर नगर (आता अहिल्यानगर) जिल्हा आणि खानदेश या धर्मप्रांतात येतो. शहरातली कॅथलिक वस्ती मात्र त्याआधीची आहे. देवळालीची लष्करी छावणी, रेल्वे, १९२५ साली सुरू झालेली नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस, पुढे ओझरचा विमान कारखाना, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, सिडको अशा प्रत्येक टप्प्यावर नवी कुटुंबे आली. त्यांतली बरीच नगर जिल्ह्यातल्या केंदळ, वळण, संगमनेर, राहाता, हरेगाव या मिशनच्या परिसरातली मराठी माणसे. शिवाय वसई, गोवा, मंगळूर, केरळ, तमिळनाडू इथून आलेली. (शरणपूर हे नाव घेतले की अनेकांना नाशिकचे सगळे ख्रिस्ती तिथलेच वाटतात. शरणपूर ही एकोणिसाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट मिशनची वसाहत. तिचा इतिहास थोर आहे, पण तो वेगळा.)

माणसे नाशिकला आली आणि त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी गावाकडच्या वह्यांतच राहिल्या. कॅथलिक माणसाच्या आयुष्यात बाप्तिस्म्याची वही ही मूळ वही असते. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणारा संस्कार), विवाह, धर्मगुरुदीक्षा यांची प्रत्येकाची टीप त्या मूळ नोंदीच्या बाजूला, समासात लिहायची असते. लग्न सिडकोत झाले आणि बाप्तिस्मा केंदळला झालेला असेल, तर लग्न लावणाऱ्या धर्मग्रामाने केंदळला लेखी कळवायचे आणि तिथे समासात नोंद व्हायची, असा नियम आहे. प्रत्यक्षात पत्र जाते, पण नोंद झाली की नाही हे कोणी विचारत नाही. मग वीस वर्षांनी दाखला मागवला की त्यात ती व्यक्ती अविवाहितच दिसते. म्हणून नव्या उपकेंद्राने पहिल्या दिवसापासून एक जावक रजिस्टर ठेवावे. कोणाची नोंद कुठे कळवली, स्पीड पोस्टचा क्रमांक काय, पोच कधी आली, हे तीन रकाने पुरतात. तीन महिन्यांत पोच आली नाही तर स्मरणपत्र पाठवावे.

जुन्या वह्यांतून नाव शोधतानाही माहीत असावे की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधीच्या (१९६२ पूर्वीच्या) नोंदी लॅटिनमध्ये आहेत. योसेफची नोंद योसेफुस अशी असेल, योहानची योआन्नेस. मराठी आडनावे रोमन लिपीत लिहिणाऱ्याच्या कानाला आली तशी उतरली आहेत, त्यामुळे एकाच घरातल्या तीन भावंडांच्या आडनावाची तीन रूपे सापडू शकतात. अर्जात जन्मतारीख, आईवडिलांची नावे आणि गाव हे सगळे दिले तरच शोध लागतो. नोंद मिळालीच नाही तर घाबरण्याचे कारण नाही. बाप्तिस्म्याला हजर असलेल्या एका विश्वासू साक्षीदाराचे निवेदन, किंवा मोठ्या वयात बाप्तिस्मा झाला असल्यास त्या व्यक्तीची स्वतःची शपथ, चर्चच्या कायद्याला पुरते. पण साक्षीदार म्हातारे होत चालले आहेत. हे निवेदन आजच घेऊन ठेवावे, लग्नाच्या आठवड्यात नव्हे.

हॉलमधल्या मिस्सेच्या काळात सर्वांत जास्त गडबड होते ती इथेच. उपकेंद्राला स्वतःची बाप्तिस्मा-वही नसते, नोंद मूळ धर्मग्रामाच्या वहीत करायची असते. हॉलमध्ये बाप्तिस्मा होतो, कोणी तरी सुट्या कागदावर नावे लिहितो, 'नंतर वहीत चढवू' असे ठरते आणि कागद गहाळ होतो. उपाय साधा आहे. बाप्तिस्मा असेल त्या दिवशी मूळ वहीच हॉलमध्ये आणावी, नाही तर क्रमांक छापलेला अर्ज दोन प्रतींत भरून, धर्मगुरू आणि बाप्तिस्मा-मायबाप (गॉडपेरंट्स) यांच्या सह्या घेऊन, त्याच संध्याकाळी मूळ धर्मग्रामात द्यावा.

विवाहाची गोष्ट याहून गंभीर आहे. धर्मग्रामाच्या हद्दीत विवाह लावण्याचा अधिकार प्रमुख धर्मगुरूला पदामुळे मिळतो. उपकेंद्र सांभाळायला आलेल्या दुसऱ्या धर्मगुरूला तो आपोआप मिळत नाही. त्याला अधिकार सोपवावा लागतो, आणि सर्वसाधारण अधिकार (एका विवाहापुरता नव्हे, सगळ्या विवाहांसाठी) असेल तर तो लेखीच हवा, नाही तर चर्चच्या कायद्याने तो विवाहच अवैध ठरू शकतो. नव्या धर्मगुरूंची नेमणूक झाली की हा कागद फाइलला आहे ना, हे पालकीय मंडळाने नम्रपणे विचारावे. त्यात अवमान काही नाही. नागरी बाजूने १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार नोंदवहीचे तिमाही विवरण पाठवावे लागते. धर्मगुरूंची बदली होताना हे नेमके राहून जाते. बदलीच्या दिवशी वह्या, शिक्के, किल्ल्या, बँकेची कागदपत्रे आणि पूजेची भांडी यांची यादी करून दोघांनी सही करावी.

आता मोजणीकडे. नव्या धर्मग्रामाची मागणी करताना 'आमच्याकडे पाचशे कुटुंबे आहेत' असे ठोकून दिले जाते. बिशपांच्या कार्यालयाला आकडा नको असतो, यादी हवी असते. वीस ते तीस घरांचा एक लहान ख्रिस्ती समूह धरून, समूहप्रमुखाने घरोघरी जाऊन कुटुंबपत्रक भरावे. त्यात पत्ता, भाड्याचे घर की स्वतःचे, प्रत्येकाचा बाप्तिस्मा कुठे झाला, विवाह कुठे झाला, मुले धर्मशिक्षणाच्या कोणत्या वर्गात, घरात आजारी किंवा अंथरुणाला खिळलेले कोणी आहे का, आणि मिस्सा कोणत्या भाषेत समजते, एवढे हवे. चुका ठरलेल्या असतात. नाशिकरोडला नाव असलेले आणि पाथर्डी फाट्याला राहायला गेलेले कुटुंब दोन्हीकडे मोजले जाते. प्रोटेस्टंट शेजारी 'ख्रिस्तीच ना' म्हणून यादीत येतात. केरळमधली सिरो-मलबार (पौर्वात्य परंपरेची कॅथलिक) कुटुंबे आपल्या मिस्सेला येत असली तरी त्यांचा धर्मप्रांत वेगळा आहे. त्यांच्यासाठी १९८८ साली कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, आणि त्यांच्या विवाहाच्या व बाप्तिस्म्याच्या नोंदींचे नियम त्या परंपरेप्रमाणे चालतात. त्यांचे स्वागत करावे, यादीत त्यांचा रकाना मात्र स्वतंत्र ठेवावा.

हद्दीचा मसुदाही याच वेळी करावा. हद्द नदी, नाला, रेल्वेमार्ग, महामार्ग यांवरून आखली तर टिकते. गोदावरी, नंदिनी, वालदेवी, मुंबई-आग्रा महामार्ग, नाशिक-पुणे रस्ता या रेषा कोणी बदलत नाही. 'अमुक कॉलनी ते तमुक नगर' अशी लिहिली की पाच वर्षांत त्या दोन्हींच्या मधे नवी सोसायटी उभी राहते आणि ती कोणाचीच नसते. रस्त्यावरून हद्द जात असेल तर रस्त्याच्या दोन्ही बाजू कोणाकडे, हे धर्मग्राम स्थापन करणाऱ्या बिशपांच्या आज्ञापत्रात स्पष्ट हवे. विवाहाच्या अधिकारापासून आजाऱ्याला शेवटचा संस्कार कोणी द्यायचा इथपर्यंत सगळे त्या रेषेवर ठरते.

बिशपांचे आज्ञापत्र निघाले की त्यात नाव, हद्द, तारीख आणि पहिल्या प्रमुख धर्मगुरूची नेमणूक येते. त्या क्षणापासून धर्मग्रामाला चर्चच्या कायद्यात स्वतंत्र अस्तित्व मिळते. आर्थिक समिती सक्तीची आहे. पालकीय मंडळ बिशपांनी ठरवल्यास. आश्रयदात्या संताचे नाव विचार करून निवडावे, कारण चर्चचे समर्पण झाल्यावर ते बदलता येत नाही.

पैशाबद्दल सरळ लिहितो. रविवारचे दान दोन असंबंधित व्यक्तींनी, त्याच दिवशी, त्याच जागी मोजावे, नोटा-नाण्यांचा तक्ता भरून दोघांनी सही करावी आणि रक्कम बँकेच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी. एकाच कुटुंबातल्या दोघांना मोजायला बसवू नये. मिस्सेसाठी मिळणाऱ्या दक्षिणेची वही वेगळी, कारण प्रत्येक दक्षिणेमागे एक मिस्सा अर्पण करण्याचे बंधन असते. ती रक्कम विजेच्या बिलात मिसळून चालत नाही. बांधकाम निधीचे खाते पहिल्यापासून स्वतंत्र हवे. देणगीदारांना आयकराच्या ८०जी सवलतीचे आश्वासन सर्रास दिले जाते, पण एका विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या धार्मिक कामाच्या देणगीला ती सवलत साधारणपणे मिळत नाही. न मिळणाऱ्या सवलतीचे आमिष दाखवून घेतलेला पैसा समाजाचा विश्वास घालवतो. आखातात किंवा युरोपात असलेल्या नातेवाइकांकडून पैसे घेताना पासपोर्ट कोणता हे आधी पाहावे. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भावाची देणगी मात्र परदेशी अंशदान कायद्याखाली येते, आणि ती फक्त नोंदणी असलेल्या संस्थेलाच, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातून घेता येते. धर्मग्रामाच्या साध्या बचत खात्यात ती आली तर अडचण धर्मप्रांताच्या संपूर्ण संस्थेवर येते.

जमिनीच्या व्यवहारात भावना बाजूला ठेवावी लागते. प्लॉट स्वस्त मिळतो आहे, मालक ओळखीचा आहे, फादरांना जागा आवडली आहे, यांतले एकही कारण पुरेसे नाही. सातबारा, तीस वर्षांचे फेरफार, वकिलाचा शोध अहवाल, महापालिकेचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा, बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि भूमी अभिलेखची मोजणी हे सगळे हातात आल्याशिवाय इसार देऊ नये. भोगवटादार वर्ग दोनची (विक्रीवर शासनाचे निर्बंध असलेली) जमीन असेल, आदिवासी खातेदाराची असेल, किंवा अजून शेतजमीनच असेल, तर शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय व्यवहार टिकत नाही. संस्था शेतकरी नसते, म्हणून शेतजमीन थेट घेता येत नाही. मग 'तूर्त एखाद्या शेतकरी बांधवाच्या नावावर घेऊ' अशी पळवाट निघते. त्या बांधवाच्या पश्चात वारसांची नावे लागतात आणि धर्मग्रामाने भरलेला पैसा कोर्टात अडकतो. धर्मगुरूच्या वैयक्तिक नावावरही जमीन घेऊ नये. नागरी कायद्यात मालमत्ता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या न्यासाच्या नावावर हवी, आणि ती घेतल्यावर नव्वद दिवसांत बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल व्हायला हवा. ती पुढे विकायची झाल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती मिळायला सोपी नसते, म्हणून खरेदीच्या वेळीच चूक टाळावी.

रेखांकनातल्या दहा टक्के खुल्या जागेत छोटी वेदी, क्रूस किंवा ग्रोटो (मरियामातेच्या मूर्तीची गुहा) बांधण्याचा मोह अनेक वसाहतींत होतो. ती जागा सर्व रहिवाशांची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशात रस्ते, उद्याने आणि सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांपैकी कशाचेही नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये असे स्पष्ट सांगितले आहे. उद्या हातोडा पडला की दुखावणारी मने आपलीच असतात.

चर्च बांधण्यासाठी बिशपांची लेखी संमती लागते. ती देण्याआधी ते शेजारच्या चर्चच्या धर्मगुरूंचेही मत घेतात आणि बांधकामाला व पुढच्या उपासनेला लागणारे साधन आहे का हे पाहतात. आकाराचा हिशेब कागदावर मांडून बघावा. तीनशे माणसांसाठी आठ फुटी बाक धरले तर एका बाकावर पाच जण मावतात. एका रांगेत चार बाक, म्हणजे वीस जण, अशा पंधरा रांगा. गुडघे टेकण्याच्या फळीसह दोन रांगांमध्ये तीन फूट अंतर हवेच. अडीच फूट ठेवले की म्हाताऱ्या माणसांना टेकताच येत नाही. मधली वाट सहा फूट, म्हणजे खांद्यावरची शवपेटी आणि दोन्ही बाजूंची माणसे नीट जातात. कडेच्या वाटा चार-चार फूट. यातून बाकांचा भाग सुमारे छेचाळीस बाय पंचेचाळीस फूट होतो. वेदीसाठी वीस फूट आणि दाराजवळ दहा फूट खोली धरली तर एकूण साडेतीन हजार चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. वस्त्रागार (धर्मगुरूंची उपासनेची वस्त्रे ठेवण्याची खोली), स्वच्छतागृहे, धर्मशिक्षणाचे वर्ग आणि दुचाकींची जागा त्याबाहेर. नाताळ आणि पुण्यशुक्रवारची (गुड फ्रायडेची) गर्दी धरून इमारत बांधू नये. त्या दोन दिवसांसाठी बाजूचे दरवाजे रुंद ठेवून मांडवाची सोय करणे कितीतरी स्वस्त पडते, आणि वर्षभर अर्धे रिकामे चर्च सांभाळावे लागत नाही.

वेदी भिंतीपासून सुटी हवी, तिच्याभोवती फिरता आले पाहिजे. काळ्या मातीचा थर पूर्ण काढून मुरूम किंवा खडकापर्यंत पाया न्यावा, नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत फरशी उचलते आणि भिंतींना तिरप्या भेगा जातात. गुळगुळीत टाइल, काचा आणि सपाट स्लॅब यांनी आवाज घुमतो, मागच्या रांगेला प्रवचन कळत नाही. मग स्पीकर मोठा केला जातो आणि घुमणे आणखी वाढते. छताखाली आवाज शोषणारे काही तरी आणि दोन्ही बाजूंना कमी उंचीवर लहान स्पीकर, हे मोठ्या भोंग्यापेक्षा बरे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. राज्य शासन वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते. नाताळची रात्र त्या यादीत आहे का, हे दरवर्षी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात बघून मगच मध्यरात्रीच्या मिस्सेचे नियोजन करावे. पुनरुत्थानाची (ईस्टरच्या आदल्या रात्रीची) रात्र-उपासना अंधार पडल्यावरच सुरू करायची असते, त्यामुळे ती बाहेर मैदानात घेतली तर दहापूर्वी संपवणे अवघड जाते. शेवटचा भाग आत, ध्वनिक्षेपकाविना घेण्याची तयारी ठेवावी.

भाषेचा प्रश्न नाजूक आहे. नाशिकच्या धर्मग्रामांत मराठी मिस्सा हा कणा आहे आणि तो तसाच राहावा असे आम्हांला मनापासून वाटते. इंग्रजी मिस्सा हवी असणाऱ्या कुटुंबांची गरज खरी आहे, पण सोयीची सकाळची वेळ इंग्रजीला आणि दुपारची मराठीला असे वाटप झाले की नगरकडून आलेला कामगार हळूहळू यायचा थांबतो. वेळा दर सहा महिन्यांनी अदलाबदल कराव्यात.

आता दफनभूमीबद्दल. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे. व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेप्रमाणे रक्षा विखरायची नसते, ती पवित्र जागी ठेवायची असते. तरीही बहुसंख्य कुटुंबे दफनच करतात आणि चर्चचीही पसंती दफनालाच आहे. हजार माणसांमागे वर्षाला सहा-सात मृत्यू हा देशातला साधारण दर धरला, तर तीन हजार लोकवस्तीच्या धर्मग्रामात वर्षाला सुमारे वीस दफने होतील. सात बाय तीन फुटांची कबर, तिच्याभोवती चालायची वाट धरून नऊ बाय पाच, म्हणजे पंचेचाळीस चौरस फूट. एका एकरातली एक तृतीयांश जागा कुंपण, फाटक, रस्ता, प्रार्थनेची शेड आणि झाडे यांना गेली तर साधारण साडेसहाशे कबरी बसतात, म्हणजे बत्तीस वर्षे. दहा गुंठ्यांत जेमतेम एकशे साठ, म्हणजे आठ वर्षे. पक्क्या ग्रॅनाइटच्या कायम कबरींना मोकळीक दिली की तीच जागा पुन्हा वापरता येत नाही आणि हा हिशेब आणखी आक्रसतो. म्हणून नव्या दफनभूमीत पहिल्या दिवसापासून नियम हवेत. कबरीवर फक्त सुटी पाटी असावी, ठरावीक वर्षांनी जागा पुन्हा वापरात यावी, निघालेल्या अस्थींसाठी भिंतीत कोनाडे असावेत, आणि कबर-क्रमांकासह मृत्यूची वही ठेवावी. जागा पूररेषेच्या आत नसावी. नदीकाठी पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते. खडक फार वर असेल तर पाच फूट खोदायला यंत्र लागते, आणि पेटी दारात येऊन थांबलेली असताना यंत्र शोधत फिरावे लागते.

हे काम एकट्या धर्मग्रामाच्या आवाक्यातले नाही. दफनभूमीसारख्या सोयींसाठी जागा आरक्षित करणारा शहराचा विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादन न झाल्यास आरक्षण संपते. म्हणजे २०२७ पासून ही दारे उघडतात. सिंहस्थाच्या धावपळीत हा विषय मागे पडेल अशी आम्हांला साधार भीती आहे.

महापालिकेकडे आमच्या मागण्या अशा. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड या सहाही विभागांत दफनभूमीची आरक्षणे कुठे आहेत, त्यांतली ताब्यात किती आली आणि ख्रिस्ती समाजासाठी किती उपलब्ध आहेत, याची यादी प्रसिद्ध करावी. ज्या विभागात एकही नाही तिथे त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदलाचा प्रस्ताव आणावा. ती जागा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा सर्व पंथांना मिळून असावी, व्यवस्थापन समितीत सर्वांचे प्रतिनिधी असावेत. आम्ही कॅथलिक या वाटणीला तयार आहोत. आणि नव्या उपनगरांतल्या आमच्या बंधुभगिनींनी पावतीपुस्तके छापण्याआधी आपापल्या विभागाचा भाग नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागातून काढून आणावा, त्यावर दफनभूमीचे आरक्षण शोधावे, आणि ते नसेल तर सह्यांचा अर्ज घेऊन या वर्षीच आयुक्तांकडे जावे.

आपले नम्र,
नाशिकमधील विविध धर्मग्रामांच्या पालकीय मंडळांचे व आर्थिक समित्यांचे काही सदस्य